गुरुजींनी खोडलेली ओळ

मंडळी, एक विचारू का? देवाच्या दारात बसलाय, तेव्हा खरं सांगायचं हं! समोरचा माणूस आपल्याला लुबाडतोय की खरं बोलतोय, हे तुम्ही कशावरून ठरवता? त्याच्या कपड्यांवरून? त्याच्या दुकानाच्या काचेवरून? का जे आपल्याला ऐकायला बरं वाटतं ते खरं, आणि जे टोचतं ते सगळं खोटं — असा हिशेब आहे आपला?

हसू नका! तात्या, तुम्ही पुढं बसून हसताय, पण परवा दातांच्या डॉक्टरला 'चोर' म्हणून उठून आलात, आणि आज चपाती दुधात बुडवून खाताय! मला सगळं कळतं.

तर ऐका. कऱ्हाडात एक रणपिसे गुरुजी. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं. खिशाला कायम लाल पेन, आणि चूक दिसली की सपकन रेघ! निवृत्त झाले तरी पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नाची पत्रिका आली तरी आधी शुद्धलेखन तपासणार, मग मुहूर्त बघणार!

त्यांच्या मंडळी — शालनताई. आता शालनताईंनी काय करावं? वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या! छोटीशी पांढरी गाडी घेतली. गुरुजी म्हणाले, "या वयात?" त्या म्हणाल्या, "मग कोणत्या वयात? तुम्ही शिकवणार होतात का तरुणपणी?"

गाडी सुटताना एक झटका द्यायची. असा — धक्! आणि शालनताई दरवेळी म्हणायच्या, "चल गं बाई, रुसू नको!" मगच गाडी पुढं. शेजारी गुरुजी मुठीत जीव धरून.

दोन वर्षांपूर्वी शालनताई गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि गेल्या. मंडळी, ज्यांच्या घरातलं असं माणूस गेलंय त्यांना मी काय सांगू! गुरुजी आठवड्यातून एकदा गाडी काढायचे. कुठं जायचं नसायचं. बाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं. का? तर गाडी सुटताना तो झटका बसायचा. धक्! आणि त्या एका झटक्यापुरती शालन शेजारी आहे असं वाटायचं. तेवढ्यासाठी पेट्रोल जाळायचा हो माणूस!

लेक एकच, स्वप्नाली. चिपळूणला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण सासरचे म्हणाले, "आई नाही, तर इथंच राहू दे तिला." चुकीचं बोलले नाहीत. पण पोरीनं फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, मी येऊ ना घरी?" झालं! गुरुजींनी बहिणीला गावाहून बोलावून घेतलं, खोली झाडली, आणि सांगून टाकलं, "रविवारी मी स्वतः येतो न्यायला. आईच्या गाडीनं!"

आता कऱ्हाड-चिपळूण म्हणजे मधे कुंभार्ली घाट. जाताना उतरायचा, येताना चढायचा. आणि येताना गाडीत कोण? सातवा महिना लागलेली लेक! म्हणून गुरुजींनी गाडी हायवेवरच्या मोठ्या शोरूमला नेली. गार हवा, काचेची दारं, फुकटची कॉफी. प्रणव नावाचा टाय लावलेला मुलगा आला आणि हातात कागद ठेवला. अडतीस हजार! गुरुजींनी चष्मा पुसून परत वाचलं. आकडा तोच.

इंजिन आतून धुणे. एसीचं निर्जंतुकीकरण. गाडीच्या पोटाला लेप. नवी बॅटरी. ब्रेकचे पॅड. क्लच. अजून दोन-तीन असलीच कामं.

गुरुजींनी लाल पेन काढलं. आणि मंडळी, सगळ्यात पहिली रेघ कुठं मारली असेल? पोटाच्या लेपावर? नाही! एसीवर? नाही! क्लचवर!

प्रणव म्हणाला, "सर, क्लच खरंच गेलाय. सुटताना झटका देतेय गाडी."

"ही गाडी पहिल्यापासून अशीच सुटते!" गुरुजी कडाडले. "तुम्हाला काय माहीत!"

पोरगं बिचारं घाबरलं. गुरुजी कागद घेऊन तडक बाहेर.

आले ते जुन्या स्टँडमागं, दस्तगीर मिस्त्रीकडं. दस्तगीर म्हणजे गुरुजींचाच विद्यार्थी. "या गुरुजी! तुम्ही मला नववीत दोनदा बसवलंत, त्याच्या कृपेनं आज स्वतःचं गॅरेज आहे!" अशी चेष्टा करणारा. पण हाताचा सच्चा.

"बघ रे, कसे लुटतात," म्हणून गुरुजींनी कागद पुढं केला. दस्तगीरनं कागद बघितला, गुरुजींकडं बघितलं, आणि म्हणाला, "पेन द्या."

मंडळी, काय दिवस आले! गुरुजींचा पेपर, आणि तपासणार कोण — नववीत दोनदा बसलेला!

पण त्यानं न बघता एकही रेघ मारली नाही हं. आधी ऑइलची काडी काढून दाखवली. "इंजिन धुवायचं कशाला? ऑइल वेळेवर बदललंय, स्वच्छ आहे." रेघ. दिवे लावून गाडी चालू केली, मीटर लावून बघितलं. "बॅटरी अजून वर्ष काढेल." रेघ. "लेप? तो खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून. कऱ्हाडात समुद्र आहे का?" रेघ! एसीवर रेघ. मग चाक काढलं, पॅड हातात दिला. "हा बघा, नखाएवढा उरलाय. घाट उतरायचाय ना? हा बदलायचा." बरोबरची खूण!

प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी बघत होता तो. दुखणं दिसतंय का? आणि नाही बदललं तर काय होईल? मंडळी, हे दोन प्रश्न लिहून घ्या. गाडीपुरते नाहीत ते.

शेवटी क्लच. गुरुजी म्हणाले, "ते राहू दे. ते मी खोडलंय."

"बघतो तरी."

दस्तगीर आत बसला. हँडब्रेक करकचून ओढला, तिसरा गिअर टाकला, आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडला. आता क्लच चांगला असेल तर काय व्हावं? इंजिन धडपडून बंद पडावं. इथं बंद पडणं हीच चांगली तब्येत! पण गाडी घुर्रर्र करत चालूच. पाय पुरता सोडला, तरी चालूच — म्हणजे क्लच धरतच नव्हता!

दस्तगीर खाली उतरला. "गुरुजी, त्या पोरानं भाव दोन हजार जास्त लावलाय. पण दुखणं खरं सांगितलंय. हा क्लच घेऊन घाटात गेलात, आणि चढावर मागं ट्रक असताना थांबायची वेळ आली, तर गाडी पुढं जाणार नाही. मागं जाईल."

"पण ती पहिल्यापासून —"

"पहिल्यापासून नाही. झिजत झिजत झालीय."

गुरुजी स्टुलावर बसले. लेकीचा चेहरा आठवला असेल. हळूच म्हणाले, "कर."

दस्तगीरचा एक नेम होता. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय नवा बसवायचा नाही. संध्याकाळी त्यानं क्लचची काळी गोल प्लेट काढली, पुसली, गुरुजींच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवली. आतल्या खिळ्यांपर्यंत घासलेली. मग म्हणाला, "बेअरिंगही खाल्लंय. गुरुजी, रागावू नका, पण चालवणाऱ्याचा पाय कायम क्लचवर असायचा. दाबून नाही — नुसता टेकवून. नवीन शिकलेली माणसं घाबरून तसं करतात. तुम्ही?"

गुरुजींनी मान हलवली — मी नाही. दस्तगीर काय ते समजला आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.

मंडळी, एक्कावन्नाव्या वर्षी शिकलेली बाई! वरून म्हणायची, "मी नाही घाबरत!" आणि पाय? पाय सांगत होता, घाबरते. सात वर्षं शेजारी बसून नवऱ्याला कळलं नाही. गुरुजी त्या प्लेटीवर हात ठेवून रडले. भर रस्त्याकडेच्या गॅरेजात, पोराबाळांना छडी दाखवलेला माणूस. म्हणाले, "शालन, सांगायचंस तरी."

नवा क्लच बसला. गाडी सुरू केली. सुटली — आणि झटका नाही! लोण्यासारखी सुटली. गुरुजींनी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि नुसते बसून राहिले. दुसऱ्यांदा गेली हो शालन त्यांच्यासाठी! घरी ती जुनी प्लेट बघून बहीण ओरडली, "हे काळं काय उचलून आणलंस?"

रविवारी चिपळूण. लेक बसली, ओटी भरलेली, डोळे भरलेले. परतीला कुंभार्लीच्या ऐन चढावर पुढं टेम्पो बंद पडला. रांग थांबली. मागं ट्रक, हातभर अंतरावर. गुरुजींच्या कपाळावर घाम! रांग हलली. हँडब्रेक सोडला, क्लच सोडला... आणि गाडी? बोटभर मागं गेली नाही! सरळ वर!

थोड्या वेळानं लेक म्हणाली, "बाबा, आता झटका बसत नाही."

"नाही."

"मी वाट बघत होते त्याची. चिपळुणातून निघताना." आणि ती रडायला लागली.

मंडळी, आता बाप काय म्हणाला बघा. "मीही बघायचो गं. दोन वर्षं तेवढ्यासाठीच गाडी काढत होतो. शोरूमच्या पोरानं खरं सांगितलं, तर मी तेवढंच आधी खोडलं. तुला या चढावर तसल्या गाडीतून आणणार होतो मी!"

लेकीनं डोळे पुसले. "आईनं तुम्हाला सोडलं नसतं, बाबा."

"नसतंच सोडलं," गुरुजी म्हणाले. मग दोघं हसले, रडले, आणि घाट संपला.

आता तुमच्याकडं येतो! तुम्हाला वाटलं, महाराज गाडीच्या दुरुस्तीबद्दल बोलतायत. अहो, शोरूमवाला काय करायचा ते करेल. त्याला विचारा, दाखव म्हणा, दुसऱ्याला दाखवा, भांडा खुशाल! पण आपला लबाडपणा कोण तपासणार? डॉक्टर म्हणाला साखर वाढलीय — खोडलं! सून म्हणाली मला इथं गुदमरतं — खोडलं! भाऊ म्हणाला दादा, एकदा येऊन जा — खोडलं! का? खोटं होतं म्हणून? नाही. दुखत होतं म्हणून!

आणि गेलेल्या माणसासाठी रडू नका, असं मी म्हणणार नाही. मीही रडतो. माझी आई जाऊन एकोणीस वर्षं झाली, अजून कीर्तनाला उभं राहताना पहिल्या रांगेत तिला शोधतो. ती नसते. पण तुम्ही असता ना, मंडळी! तुमच्याकडं बघायचं सोडून मी तिची रिकामी जागा बघत बसलो, तर ती मला काय म्हणेल?

तुमची वाट बघणारं कुणीतरी आहे. गेलेलं नाही, आहे. इथून उठलात की आधी त्याला फोन करा. प्रसाद नंतर घ्या, मी राखून ठेवायला सांगतो. आणि आता, ज्याची त्याची ओढ मनात धरून, डोळे मिटून, एकदा मोठ्यानं हाक मारा — विठ्ठल!