ड्रमकेरीतला कोट

नोरीन : थर्मास ठेव खाली. आज तू ड्रमकेरीच्या रानात जायचं नाहीस.

लॉर्कन : असं काय करतेस? चौदा माणसं येऊन उभी असतील तिथं. कुत्री आपली हरवली आणि नवराबायको घरात बसून? लोक काय म्हणतील?

नोरीन : लोक काय म्हणतील, तेच चाललंय तीन दिवस. बस इथं. शनिवारी तू टाकलेला व्हिडिओ आहे हा. 'फ्लॉसीला शेवटचं इथं पाहिलं, शोधायला या' म्हणून टाकलेला. बघ.

लॉर्कन : शंभर वेळा बघितलाय.

नोरीन : मग एकशे एकावी. फ्लॉसी लव्हाळ्यात शिरते. फेझंट पक्ष्याचा नर उठतो. तुझा बार. नर पडतो, पण मरत नाही, पायावर पळत सुटतो. फ्लॉसी त्याच्यामागे. आणि हे बघ. गवतावरून काय सरकलं?

लॉर्कन : ढगाची सावली असेल.

नोरीन : ढग असा मोजून मापून येतो? एक. ही दुसरी. ही तिसरी. कॉर्क शहरातल्या कुणीतरी व्हिडिओखाली विचारलं होतं, ही सावली कसली म्हणून. संध्याकाळी मी उत्तर द्यायला गेले, तर प्रश्नच गायब. तू पुसलास.

लॉर्कन : कुणीही काहीही लिहितं गं.

नोरीन : पवनचक्कीची पाती आहेत ती, लॉर्कन. ड्रमकेरीत पवनचक्की नाही. कॉरवालात आहे. पॅकी टिअर्नीच्या शिकार क्लबच्या रानात.

लॉर्कन : हळू बोल.

नोरीन : कुणासाठी हळू? ऐकायला घरात कुत्रंसुद्धा उरलेलं नाही.

लॉर्कन : जागा कुणीच दाखवत नाही. डोंगर, घरं, आभाळ, सगळे कापूनच टाकतात. पक्षी कुठं आहेत हे माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. मला वाटलं, लव्हाळं काय, सगळीकडे सारखंच दिसतं.

नोरीन : जागा लपवणं वेगळं. तू माणसं भलत्या रानात धाडलीस. दोन दिवस ती चिखल तुडवताहेत आणि मी त्यांना सूप वाढतेय. शहात्तर वर्षांचा कॉन काल चरात पडला, कंबर धरून बसलाय. जाताना मला म्हणाला, उद्या येतो, काठी घेऊन येतो. मला लाज वाटते, लॉर्कन.

लॉर्कन : मला काय वाटतं ते तुला नाही कळायचं.

नोरीन : आणि तो कोट? कुत्रं हरवलं, की जिथं शेवटचं दिसलं तिथं धन्यानं अंगातला कोट ठेवायचा. वासावर ते परत येतं आणि त्यावर निजतं. तुझ्या बापानं तुला शिकवलं, तू व्हिडिओ करकरून जगाला शिकवलंस. आणि स्वतःचा कोट ठेवलास कुठं? जिथं तिचा पायसुद्धा पडला नाही तिथं.

लॉर्कन : सगळे बघत होते. कॉननंच विचारलं, कोट ठेवलास ना? काय करणार होतो मी? दुसरा कोट नाही माझ्याकडे, तिचं अंग ज्याला घासलंय असा.

नोरीन : गेला तरी कशाला होतास कॉरवालाला?

लॉर्कन : तीन आठवडे ड्रमकेरीत एक नर उठला नाही. हंगाम एकतीस तारखेला संपतो. लोक लिहायला लागले होते, फ्लॉसी म्हातारी झाली, तिच्यानं आता होत नाही. नऊ वर्षांची आहे, म्हातारी कसली? एकदा दाखवायचं होतं सगळ्यांना. एकच पक्षी, म्हटलं.

नोरीन : पॅकीच्या राखीव तुकड्यात. जिथं त्याची स्वतःची माणसंसुद्धा बार टाकत नाहीत. आणि मागच्या महिन्यात तूच बोलला होतास ना, पॅकीचे फेझंट म्हणजे दाणे टाकून पोसलेल्या कोंबड्या, त्या मारणारा शिकारी नव्हेच?

लॉर्कन : बोललो होतो.

नोरीन : चाळीस हजार लोकांसमोर.

लॉर्कन : बोललो होतो म्हटलं ना. म्हणून तर तोंड उघडत नाहीये. आपल्या क्लबचा सचिव मी. राखीव रानात चोरून शिरलो हे कळलं, की पोलीस सार्जंट बंदुकीचा परवाना काढून घेणार. क्लब हाकलणार. पॅकी चर्चच्या पायरीवर उभा राहून हसणार.

नोरीन : हसू दे.

लॉर्कन : मी काही तिला वाऱ्यावर सोडलेलं नाही. शनिवारी गेलो होतो, कालही गेलो होतो कॉरवालाला. दोन्ही दिवस, तिन्हीसांजेला.

नोरीन : शिट्टी वाजवलीस?

लॉर्कन : पॅकीचं घर दोन शेतांवर आहे. माझी शिट्टी तो ओळखतो.

नोरीन : मग काय केलंस?

लॉर्कन : हाक मारली. तोंडानं.

नोरीन : त्या वाऱ्यात?

लॉर्कन : हळू मारली.

नोरीन : देवा रे.

लॉर्कन : आज वाजवतो. आज संध्याकाळी शिट्टी घेऊन जातो, पॅकी आला तर आला. एक संध्याकाळ दे मला, नोरीन. पाया पडतो तुझ्या.

नोरीन : रात्री उणे पाच होतं. अंगणातली बादली तळापर्यंत गोठलीय. दोन रात्री काढल्यात तिनं. संध्याकाळची वाट बघायला ती काय पाहुणी आहे? वीस माणसं लागतील, चरात अडकली असेल तर खणायला कुदळी लागतील. तिथला प्रत्येक चर ठाऊक असलेला माणूस लागेल. असा एकच आहे, आणि त्याचं नाव तुला माहीत आहे.

लॉर्कन : ती तो पक्षी टाकून येणार नाही. तेच शिकवलंय मी तिला. जखमी पक्षी मागं सोडायचा नाही, मी थांब म्हटलं तरी. लोक टाळ्या वाजवायचे त्याला.

नोरीन : लॉर्कन.

लॉर्कन : रात्री डोळा लागत नाही. दार खरवडल्यासारखं वाटतं, उठून बघतो. मला फार भीती वाटते गं.

नोरीन : मलाही वाटते. सांग आता, लावू?

लॉर्कन : लाव. पण बोलेन मीच.

(नोरीन फोन लावते आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवते.)

पॅकी : टिअर्नी बोलतोय.

नोरीन : पॅकी, मी नोरीन. लॉर्कनची—

पॅकी : बोल पोरी, सापडली का कुत्री? मी निघतच होतो तुमच्याकडे. आमच्यातले सहाजण घेऊन येतोय, तुमचा तो उत्तरेकडचा भाग आम्ही बघतो. लॉर्कनला सांग, आमचं भांडण त्याच्या जागी. मुक्या जनावरानं काय कुणाचं घोडं मारलंय?

लॉर्कन : पॅकी, लॉर्कन बोलतोय. ड्रमकेरीला नका जाऊ. ती तिथं नाही.

पॅकी : म्हणजे?

लॉर्कन : शनिवारी सकाळी मी तुमच्या राखीव रानात होतो. पवनचक्कीखालच्या लव्हाळ्यात. तुमचा नर मारला, तो जखमी होऊन पळाला, त्याच्यामागं ती गेली. बाकी सगळं खोटं बोललो मी.

पॅकी : पवनचक्कीखाली? तो जुना दगडी चर आहे, त्या अंगाला?

लॉर्कन : हो. परवाना जाऊ दे, क्लबही जाऊ दे. सार्जंटकडे मी स्वतः जातो. तुम्ही म्हणाल तिथं उभा राहून सांगतो. फक्त आत्ता—

पॅकी : ते राहू दे रे. ऐक. शनिवारी रात्री त्या बाजूला एक कुत्रं रडत होतं. मी दारात उभा राहून ऐकलं. बायको म्हणाली, लॉर्कनची तर नसेल? मी म्हटलं, छे गं, ती ड्रमकेरीला हरवलीय, मी स्वतः बघितलंय व्हिडिओत. म्हटलं, शेजारच्या डॉयलनं आपलं कुत्रं बाहेर बांधलं असेल. आणि दार लावून घेतलं.

लॉर्कन : अजून रडतेय?

पॅकी : मी बूट चढवतोय. पोरांना कुदळी घ्यायला सांगतो. तू सरळ माझ्या फाटकातून गाडी आत घाल.

लॉर्कन : पॅकी, आवाज अजून येतोय का?

पॅकी : काल दुपारपर्यंत येत होता.