पहिला तारा, रास अल खैमाहून

गुरुवार, २४ डिसेंबर १९९८. सायंकाळचे पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. टाइलच्या कारखान्याच्या गच्चीवर माणसे दोन. चौकीदार बदरुद्दीन खजुराने रोजा सोडून नुकताच वर आला होता आणि देखभाल विभागाचे गुणवंतराव, डिप्लोमाच्या वेळेपासूनच्या शिस्तीने, पाण्याच्या टाकीची पातळी वहीत टिपत होते. मोबाइल वाजला; दुबईहून, बायकोचा.

“हॅलो? … बोल, शोभना. … शेजारच्या हालिनाच्या घरून? … हो, आज त्या पोलिश लोकांचा नाताळचा उपास. … अगं, सावकाश. कोणाची साखर? … हालिनाच्या आईची? अडुसष्ट! मग खायला द्या ना काहीतरी. … पहिला तारा दिसेपर्यंत नाही? सरबतसुद्धा नाही? … आणि तिकडे आपल्या मनखूलवर नेमके आजच ढग.

“अगं ऐक ना. संकष्टीला चंद्र ढगात असला की आपण कॅलेंडरातली वेळ पाहून उपास सोडतो, तसे सांग त्यांना. … सांगितलेस? … छापील वेळ चालत नाही. डोळ्यांनीच दिसायला हवा. … कोणाच्या डोळ्यांनी? … विचार तर खरे! … घरच्या कोणाच्याही? … थांब, थांब. एक ताट जास्तीचे मांडतात? अवचित येणाऱ्यासाठी? … मग ते माझे. सांग, मी घरचाच.

“इथे आकाश स्वच्छ आहे. … बदरुद्दीनभाई, ज़रा बत्ती बुझाना। … दिसला! दक्षिणेला, चांगला ठळक. … नको, इतक्यात सांगू नकोस. हा लुकलुकत नाही. … म्हणजे गुरू आहे हा. ग्रह. … हो, हो, आजींचे हात थरथरताहेत, कळते मला. पण न तपासता मी टाकीची पातळीसुद्धा लिहीत नाही, शोभना. … सरळ विचार, ग्रह चालेल का. …

“काय विचारताहेत? … त्यांच्या पोलंडमधल्या गावाहून दिसेल का? … हाच दिसेल. तिथे घड्याळ तीन तास मागे. तासाभरात दिसेल, दक्षिणेलाच. … रडताहेत? … हसताहेत! … काय मोडले? पापुद्र्यासारखी पोळी? … घेतला तुकडा तोंडात? … माझा ताटात राहू दे. … मासा? उपासाला मासा? … आणि पदार्थ बारा! तू मोजलेस? … हॅलो? … हॅलो?”

लाइन तुटली होती. गुणवंतरावांनी टाकीच्या पातळीखाली वेळ लिहिली: ५.५६.

सात वाजता शोभनाताईंचा पुन्हा फोन आला. त्याच पानावर, त्याच अक्षरात, आणखी एक नोंद झाली. आजींची साखर: एकशे सोळा.