जीपच्या म्होरं विंच

वडवणीला वेल्डिंगच्या दुकानामागच्या सावलीत भामाबाई एसटीची वाट बघत बसली होती. आतून दूध सोसायटीच्या बंकटचा आवाज आला.

"हा तारेनं ओढायचा विंच जीपच्या म्होरं बसवायचाय."

"बंपरवर बसवू?" वेल्डरनं विचारलं.

"न्हाई बे, बंपरच उपटून यील. चासीच्या सांगाड्याला जाड प्लेट वेल्ड कर, तिच्यावर बसव."

"एवढं कावून? ओढायचं काय हाय?"

"म्हशी. धरण आटलंय, पाण्यापतोर नुसता गाळ. भामाबाईची म्हैस रुतली, ओढताना माझा दोर तुटला. म्हैस गेली. तवापासून तिच्या दारावरून जायला पाय उचलत न्हाई."

भामाबाई उठून दारात गेली.

"बंकटभाऊ, माझी दुसरी म्हैस बी तिथंच पाण्याला जाती. आजच बसवून घ्या."