फिल्मा धुतल्या आमी

आमी गणेशपुरीच्या वरच्या पाड्यावरचे. भात पिकायचं ते चार महिने पुरायचं, मंग बाकीचं वरीस जिथं बोलावतील तिथं जायचं. माझा नवरा भिवंडीजवळ दापोड्याला हमालीला गेला, त्याच्या मागं मी आन् माझी नणंद सोनी, आमी दोघी तिथल्याच एका शेडात फिल्मा धुवायला लागलो. काय सांगू बाई तुमाला, कपडे धुतात, भांडी धुतात, पण फिल्मा धुतात हे कुणाला ठावं व्हतं.

मुंबईच्या दवाखान्यांतनं जुने एक्स-रे यायचे टेम्पो भरभरून, सिनेमाची रिळं यायची, निगेटिव्ह यायच्या. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकायच्या, काळं सुटायचं, हौदाच्या तळाला गाळ बसायचा आन् त्या गाळात चांदी. गाळ शेडाचा शेठ कुलपात ठेवायचा. धुतलेली फिल्म काचेवानी साफ, ती शर्टाच्या कॉलरीत घालायला जायची. आन् वाफ कुठं जायची? आमच्या छातीत जायची, दुसरं कुठं.

शेडात कर्वेभाऊ कारकून व्हते, भिवंडीतल्या जुन्या घरातले, शिकलेले. खोकी वाचून माल वेगळा करायचे. जास्त खोकी एका जपानी कंपनीची. भाऊ डबा खाताना सांगायचे, अगं जानी, त्यांच्या देशात फिल्म बनत नव्हती, बाहेरून आणावी लागायची, म्हणून ही कंपनी निघाली. आधी सिनेमाची फिल्म, मग एक्स-रेची, मग रंगीत रोल. मग त्यांनी विचार केला, प्लास्टिकच्या पट्टीवर लेप लावायची विद्या आपल्याला येते, तर दुसराही लेप लावू, म्हणून व्हिडिओची कॅसेट, कॉम्प्युटरची फ्लॉपी. मी म्हनलं, भाऊ, शहाणी मानसं, एकाच कामाला धरून मरत न्हाय बसली.

पुढं पुढं भंगारात कॅसेटीच यायला लागल्या, फ्लॉप्या यायला लागल्या. त्यात चांदी न्हाय. शेठ आमच्यावर चिडायचा, जसं काय आमीच चांदी खाल्ली. जे एक्स-रे येतील ते झटपट धुवा म्हनायचा, कॉस्टिक वाढवलं, हातमोजे मागितले तर म्हनाला, मोज्यानं काम सावकाश होतं.

सोनी खोकायला लागली. रात न्हाय, दिवस न्हाय, खोकतेच हाय. सरकारी दवाखान्यात तिच्या छातीचा फोटो काढला, डॉक्टर म्हनाले काम बंद करा, फोटो जपून ठेवा, पुढच्या वेळी आणा. शेठ म्हनाला, दे इकडं, माझ्या वळखीच्या मोठ्या डॉक्टरला दाखवतो. आमी दिला. माझी अक्कल बघा, मीच नेऊन हातात दिला.

आठवड्यानं कर्वेभाऊ एक्स-रे निवडत व्हते. एक हातात धरला, कोपऱ्यातलं नाव वाचलं आन् माझ्याकडं बघायचंच सोडलं. मी विचारलं, काय झालं, भाऊ? ते म्हनाले, जानी, हा सोनीचा आहे.

मी तो घेऊन शेठच्या केबिनीत गेले, चपला न काढता. शेठ म्हनाला, चुकून मिसळला असंल, फिल्म ती फिल्म, एवढं काय त्यात. मी म्हनलं, शेठ, ही मानूस हाय, भंगार न्हाय. बाहेर बाकीच्या बाया हौदातनं हात काढून उभ्या राहिल्या, त्या दिवशी हौद तसाच थंड पडला. दुसऱ्या दिवशी मला आन् सोनीला गेटावरनंच परत लावलं.

सोनी भातकापणीच्या आधीच वारली. मी तो फोटो घेऊन भरपाई मागायला भिवंडीला कामगारांच्या सरकारी हापिसात गेले, साहेब म्हनाला, कार्ड दाखवा, हजेरी दाखवा. आमचं कसलं कार्ड? कर्वेभाऊ साक्षीला आले, माझ्या शेजारी उभे राहिले, हे मी इसरनार न्हाय, त्यांचीबी नोकरी गेली. पण कागद न्हाय तर सोनी तिथं कामाला नव्हतीच म्हने. सात वर्सं वाफ खाल्ली तिनं, आन् नव्हतीच.

आता शेड न्हाय. शेठनं धंदा बदलला, गोडाऊन बांधलं, कॉम्प्युटरचा माल ठेवतो. जपानी कंपनीनं धंदा बदलला, शेठनं बदलला, आमच्या पाड्यावरच्या बायांना कुणी इचारलं न्हाय का तुमी काय करनार. मी परत दुसऱ्याच्या शेतात लावणी करते. दम लागतो, बांधावर बसते, मंग उठते.

शेठला शिव्या देऊन देऊन माझं तोंड दुखलं, राग काय जिरला न्हाय. त्याच्या लेकराबाळांचं वाईट चिंतत न्हाय मी, तुमच्याबी लेकरांचं देव बरं करो. पण त्यानं एकदा, एकदाच, चार लोकांत म्हनावं, सोनी माझ्याकडं कामाला व्हती.