श्वास कापलेली गाणी

(रेडिओ केंद्राचा स्टुडिओ, भर दुपार. काचेपलीकडे यंत्रांपाशी बसलेल्या तंत्रज्ञाला सगळे बटणकाका म्हणतात.)

भावोजी : ते काही मला सांगू नका, वहिनी. सकाळी रेकॉर्डिंग का नाही केलंत? तुमच्या ‘विसावा’ कार्यक्रमाची वेळ होत आली आणि हातात काही नाही!

वहिनी : आज रेकॉर्डिंग नाही. मी थेट बोलणार आहे.

भावोजी : हे कुणी ठरवलं? केंद्राचा व्यवस्थापक मी आहे.

वहिनी : म्हणून तर तुमच्याशी बोलतेय. काल मी सुट्टीवर होते. आईंच्या खाटेशेजारी बसून पहिल्यांदाच माझा कार्यक्रम ऐकला, आदल्या दिवशी करून ठेवलेला. आई म्हणाल्या, “माझ्यावर रागावलीस का गं? हल्ली रेडिओवर तोडून बोलतेस.”

भावोजी : आई आता काहीही बोलते. मनावर घेऊ नका.

वहिनी : बरोबर बोलल्या त्या. माझ्या दोन वाक्यांमधली जागाच काढून टाकलीय. आणि गाणी तर मागे कुत्रं लागल्यासारखी पळतायत.

भावोजी : काका, तुम्ही सांगितलंत यांना?

बटणकाका : मी कशाला सांगू? त्यांना कान आहेत की.

वहिनी : म्हणजे खरं आहे.

भावोजी : जराशी गती वाढवलीय. कुणाला कळतही नाही. वाचलेल्या वेळात दोन जाहिराती जास्त बसतात.

वहिनी : कडव्याआधी ती गाणारी बाई श्वास घेते, तोसुद्धा कापलात? अहो, तिथंच तर ऐकणारा सैल होतो.

भावोजी : सैल होतो आणि घोरायला लागतो! पेंगुळलेल्या माणसाला कोण काय विकणार? बाकीची केंद्रं बघा, दिवसभर बडवाबडवी. शांत गाणी लावणारे आपण एकटे उरलोय. मालक मला येता-जाता विचारतात, हे अंगाईचं दुकान कधी बंद करताय? गाणी पळवली म्हणून तुमचा कार्यक्रम टिकला, वहिनी. आणि तुम्ही माझ्यावरच उलटताय!

वहिनी : टिकला? त्यातला विसावाच काढून घेतलात, मग उरलं काय टिकायला?

भावोजी : नाव उरलं. वेळ उरली. तुमची नोकरी उरली.

वहिनी : आईंना रात्रभर झोप नसते. दुपारी तेवढा डोळा लागायचा. हल्ली तोही लागत नाही. त्या वेळी कधी बसलात त्यांच्यापाशी?

भावोजी : घरचं इथं आणू नका!

वहिनी : बरं, इथलंच बोलते. आज गाणी आहेत तशी जातील. नाहीतर मी जाते.

भावोजी : धमकी देताय?

वहिनी : विचारतेय. हो की नाही, एवढंच सांगा.

भावोजी : जाहिरातवाल्यांना शब्द दिलाय मी. नाही.

वहिनी : येते मी, काका.

बटणकाका : अहो बाई, जरा थांबा तरी. साहेब, आवरा ना त्यांना!

वहिनी : थांबून काय करू? आई रेडिओ उशाशी घेऊन पडल्या असतील. घरी जाते.

भावोजी : वहिनी! वहिनी, अहो… गेल्या. जाऊ दे. काका, त्या नव्या गाण्यांतलं काहीतरी लावा. चांगलं दणकेबाज.

बटणकाका : लावतो. पण आधी कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत. इतकी वर्षं लोक या वेळेला बाईंच्या आवाजाची वाट बघतात. एकदम दणका दिला तर दचकतील.

भावोजी : मग तुम्हीच सांगा.

बटणकाका : मी बटणं दाबणारा माणूस. हे तुम्हीच निस्तरा.

भावोजी : थांबा, हेडफोन घालतो. बोलू काय पण?

बटणकाका : झालं ते सांगा. चला, लाल दिवा लागला.

भावोजी : नमस्कार. आज ‘विसावा’ होणार नाही. निवेदिका… आमच्या निवेदिका… आई, मी बोलतोय. वहिनी निघाल्यात घरी यायला.