पुढच्या चाकांवरचं वजन

नाही नाही, ट्रेलर अडकवायला गाडीमागे नुसता हा गोळा नाही चालायचा — बसतो हो, गोळा बसतोच, पण बसणं वेगळं नि ओढणं वेगळं. इकडे या, तुमच्या गाडीकडे लांबून बघा. ट्रेलर अडकवल्यावर कशी झालीये? कुत्रं बसावं तशी, बूड खाली नि तोंड वर. पुढच्या चाकावरची ही कड जमिनीपासून मोजली मी — ट्रेलर नसताना चौतीस इंच, लावल्यावर साडेपस्तीस. म्हणजे काय? म्हणजे पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवतायत. स्टिअरिंग हातात आहे असं तुम्हाला वाटतं, एवढंच.

ही हिच, म्हणजे गाडी नि ट्रेलर जोडणारी ही जोडणी, वजन वाटून देते. या दोन पोलादी पट्ट्या, साखळीने ट्रेलरच्या सांगाड्याला ताणायच्या, की मागचं ओझं पुढच्या चाकांवर जातं, थोडं ट्रेलरच्या चाकांवर. सगळ्यात जाड द्या म्हणता? नको, जाड पट्टी गाडीला हिसके देते. पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून ट्रेलरच्या तोंडावर किती वजन येतं, त्याला जुळेल ती घ्यायची. तुमचं सातशे पौंड, म्हणून ही आठशेची. ट्रेलरचं डुलणंही आवरते. काय? धरणापर्यंत चाळीसच मैल जायचंय म्हणता?

असं नका म्हणू. माझ्यासमोर तरी नका म्हणू.

एक बाई होती. अशीच एसयूव्ही, असाच ट्रेलर, संसार भरून निघालेली नेब्रास्काला. इथे आली, विचारलं, नुसता गोळा पुरेल का? दुकानदार — तो खुर्चीतून उठलाच नाही. उठायला काय झालं होतं त्याला? काही नाही! रुसला होता. पोरगी नातीला घेऊन पाचशे मैल लांब चाललीये, आपल्याला विचारलंसुद्धा नाही, म्हणून रुसला होता म्हातारा. ती म्हणाली, "बाबा, एकदा बघ ना," आणि मी —

हो, मीच. मार्लिस माझी मुलगी. मी म्हणालो, "चालेल. जायचंय तर जा." वर्तमानपत्र वाचत होतो. वाचत कसला, उलटं धरलं असतं तरी कळलं नसतं.

हायवेवर त्या एल्क माउंटनपाशी वारा कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. शेजारून मोठा ट्रक गेला, ट्रेलर डुलायला लागला, तिने ब्रेक दाबला — दाबणारच, कोणीही दाबेल — नि गाडी ट्रेलरसकट खड्ड्यात. जगल्या दोघी. नातीला खरचटलंसुद्धा नाही. मार्लिसच्या कमरेत सळई आहे. जिना चढताना आधी डावा पाय, मग उजवा, मग थांबते.

पोलिसांना तिने सांगितलं, वारा होता. मलाही तेच सांगते. दर रविवारी फोन येतो, कधी विषय निघालाच तर म्हणते, "वारा फार होता ना, बाबा." मी म्हणतो, फार होता. नुसत्या गोळ्याने झालं, हे तिला माहीत आहे का? सहा वर्षं झाली, माझं विचारायचं धाडस नाही. माहीत असून म्हणत असेल, तर — तर मग मी काय करू, सांगा तुम्ही?

तुम्ही कशाला सांगाल. हिच बसवायला आलात तुम्ही, तुमची मंडळी गाडीत खोळंबलीत.

चावी द्या. नाही, गाडी मीच आत घेतो. तुम्ही त्या बाकावर बसा — आणि थोडा वेळ माझ्याशी बोलू नका.