वहीत नसलेली जागा

भाची: …नाही हो काका, घोडे तंबूत नाही झोपत. बाहेरच असतात. …हो, उभ्या उभ्याच. …बरं, राहू दे मग. ठेवते. मामा, हा सहावा नकार. विचारतोय, घोडे रात्री घोरतात का!

मामा: सांगायचंस, घोडे नाही, मामा घोरतो.

भाची: विनोद नको करूस. बाईसाहेब पाच तास ट्रेलरमध्ये उभी आहे. मघाशी पेट्रोलला थांबलो तेव्हा पाहिलंस ना, मागचा डावा पाय टेकवत नव्हती.

मामा: बावीस वर्षांची घोडी आहे, कुरकुरणारच. बाजूला तो भोपळा घोडा उभा. त्याचं ढुंगण लागलं असेल.

भाची: सूज आहे. हात लावला तर गरम लागतंय. तूच म्हणतोस ना, पाय गरम लागला की प्रवास बंद. तासाभरात तिला खाली उतरवायलाच हवं.

मामा: मग बघ की वहीत आणखी एखादी जागा.

भाची: बघून झाली. या रस्त्याला तुझ्या वहीत तीन जागा आहेत. एक बंद पडली, एकीकडे लग्नाचा हॉल झालाय, आणि तिसरीचा माणूस घोरण्याचं विचारतोय.

मामा: दोन वर्षांत किती बदललं बघ.

भाची: पण मला एक सांग. सगळे घोडेवाले तुझ्या वहीच्या झेरॉक्स घेऊन फिरतात. शंभराच्या वर जागा. पाणी किती लांब, ट्रेलर वळवायला ऐसपैस आहे का, कुंपणाला काटेरी तार आहे का, आसपास विषारी कण्हेर आहे का, सगळं लिहिलंयस. मग नदीकाठची ही जागा कशी सुटली? पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली, वीस मिनिटांवर आहे. हौद आहे, कुरण आहे, पूर्वी घोडेवाले उतरायचे.

मामा: ती नको.

भाची: का?

मामा: पाणी चांगलं नाही तिथलं.

भाची: म्हणजे तू गेलायस?

मामा: ऐकलंय.

भाची: आपल्याकडे पाण्याचे दोन कॅन आहेत. पुढे डावीकडे वळ.

मामा: अगं, तीस किलोमीटरवर एक शाळेचं मैदान आहे…

भाची: मामा, मागे घोडी लंगडतेय आणि तू पाण्याची चव काय सांगतोस? वळ म्हणते ना!

मामा: वळतो बाई, वळतो. तू तुझ्या आईवर गेलीस. तीही अशीच. हट्ट धरला की सोडायचं नाव नाही.

(ट्रेलर फाटकाबाहेर थांबतो. फाटकावर पाटी: 'घोडे आणू नयेत'. फाटकाच्या आत एका कापलेल्या झाडाचा रुंद बुंधा. त्यावर मालकीणबाई मिरच्यांच्या रोपांना पाणी घालून टेकल्या आहेत. मामा गाडीतच बसून राहतात.)

भाची: नमस्कार मावशी. एका रात्रीपुरती जागा हवी होती. दोन माणसं, दोन घोडे.

मालकीणबाई: माणसं या. घोडे नाही. पाटी वाचली नाहीस का?

भाची: वाचली. पण आमची घोडी म्हातारी आहे हो, पाय सुजलाय तिचा. एक रात्र फक्त. सकाळी लीद झाडून, खड्डे बुजवून जाऊ. आम्ही होतो हे कळणारसुद्धा नाही तुम्हाला.

मालकीणबाई: सगळे असंच म्हणतात. गोड बोलायला काय जातं? या बुंध्याला विचार.

भाची: बुंध्याला?

मालकीणबाई: तुतीचं झाड होतं इथे. माझी मुलगी झाली त्या वर्षी ह्यांनी लावलं. दोघी बरोबरीने वाढल्या. उन्हाळ्यात गावातली पोरं यायची, तोंडं जांभळी करून जायची. एका घोडेवाल्याने त्याला दिवसभर घोडा बांधला. नुसता बांधून ठेवला, चारा ना पाणी. घोडा तरी काय करील? साल खाल्ली. पार गोल, सगळ्या बाजूंनी. सालीचं कडं गेलं की झाड राहत नाही, पोरी. पुढच्या वर्षी पान फुटलं नाही.

भाची: अरे देवा! झाडाला घोडा बांधलाच कसा? मावशी, ही आमच्या मामाची वही बघा. पहिल्या पानावर पहिली ओळ, लाल शाईने, खाली दोनदा रेघ: 'झाडाला घोडा बांधायचा नाही.' लहानपणापासून हे बजावतोय तो मला. आम्ही दोन खांबांमध्ये डोक्याच्या वर दोरी ताणतो आणि घोडा त्या दोरीला बांधतो. घोडा कशापर्यंत पोचतच नाही. मामा! ये ना खाली, तूच सांग त्यांना!

मामा: …मी बघतोय घोडीकडे.

मालकीणबाई: येऊ दे त्यांना सावकाश. चांगला माणूस दिसतो तुझा मामा. सगळे तसे नसतात. आणि खरं सांगू? बांधला, विसरला, चुकलं, तर एक वेळ मी समजू शकते. माणूस आहे, चुकतो. पण त्याने माती लावली गं.

भाची: माती?

मालकीणबाई: ओली माती. सोललेल्या जागेवर छान लिंपून ठेवली, लांबून सालीसारखीच दिसावी म्हणून. आम्हाला चार दिवसांनी कळलं, वाळून ढपल्या पडायला लागल्या तेव्हा. म्हणजे त्याला पुरतं माहीत होतं काय केलंय ते. वर तोंड लपवलं. त्याचा राग अजून जात नाही माझा.

भाची: नाही, मावशी, तसं नसेल. माती म्हणजे औषध असतं ते.

मालकीणबाई: कसलं औषध?

भाची: खरंच. आम्ही पण लावलं होतं. मी सात-आठ वर्षांची होते. झाडाला लागलं होतं, तर मामा आणि मी पहाटे उठून नदीची माती आणली. माझ्या दुधाच्या पेल्यातून. मी किती खेपा घातल्या! मामा म्हणाला, ही जखमेवरची पट्टी आहे, आणि कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर औषधाला गुण येत नाही. आईलासुद्धा नाही सांगितलं मी. आज पहिल्यांदा सांगतेय. आता काय, बारा वर्षं झाली, बरं झालं असेल झाड.

मालकीणबाई: कुठलं झाड होतं?

भाची: ते नाही आठवत… हां, माझा फ्रॉक खराब झाला होता. जांभळे डाग. आई ओरडली होती की हे आता…

मालकीणबाई: पुढे?

भाची: …की हे तुतीचे डाग जन्मात जायचे नाहीत.

मालकीणबाई: नदी कुठे होती?

भाची: तिथेच. उतारावरून खाली. मामा? मामा, इकडे ये जरा.

मामा: आलो.

भाची: मामा, ते झाड कुठे होतं रे?

मामा: तू ज्याच्यावर हात ठेवलायस, ते.

भाची: थट्टा नको करूस.

मामा: नाही करत. ताई, मीच तो. बारा वर्षांपूर्वीचा. घोडी हीच, आत उभी आहे ती. तिचा दोष नाही. भुकेने माणूस काय नाही खात!

मालकीणबाई: तुम्ही?

मामा: हिला नदी बघायची घाई झाली होती, म्हणून दोरी ताणली नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. दोरी ताणायला अर्धा तास लागतो आणि मला कंटाळा आला होता. तासाभरात येऊ म्हटलं. काठावर झोप लागली. उठून आलो तर दिवस कलला होता आणि झाड सोललेलं. तुमचे यजमान बाजारात गेले होते, अंधार पडल्यावर परतले. जाऊन उभं राहायचं होतं त्यांच्यासमोर. पाय उचलला नाही माझा. लाज वाटली. लाज झाकायला माती लावली. मग त्या मातीचीच लाज वाटत राहिली.

भाची: माझ्या पेल्यातून.

मामा: हो.

भाची: म्हणजे औषध नव्हतंच ते. आणि कोणाला सांगू नकोस, ते गुण जातो म्हणून नव्हतं.

मामा: नव्हतं.

भाची: मी शाळेत निबंध लिहिला होता, मामा. 'माझा आवडता माणूस'. त्यात हे लिहायचं किती मनात होतं. नाही लिहिलं. झाड मरेल म्हणून!

मामा: माहीत आहे मला. तू वाचून दाखवला होतास. मी मान खाली घालून ऐकला.

मालकीणबाई: थांबा. मी तेव्हा बहिणीकडे होते, मला जे माहीत ते ह्यांच्याकडून. त्या आठवड्यात इथे दोघेच घोडेवाले होते. एक तुम्ही, आणि एक मास्तर. मास्तर अकरा वर्षं येत होते आमच्याकडे. दर सुट्टीत. त्यांचा तो पांढरा घोडा, त्याला माझी मुलगी भाकरी भरवायची. ह्यांनी मास्तरांना धरलं.

मामा: मास्तरांना?

मालकीणबाई: शपथा घेत होते बिचारे. ह्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, दुसऱ्याबरोबर एवढीशी मुलगी होती, जाताना हात हलवून टाटा करत होती. ज्याच्याबरोबर असं लेकरू आहे, तो असलं काम करणार नाही. भर दुपारी काढलं मास्तरांना. चार लोकांसमोर. मास्तर परत आले नाहीत. दुसऱ्या महिन्यात पाटी लागली. हे पाच वर्षांपूर्वी गेले, पण जाईपर्यंत मास्तरांचं नाव घरात घेऊ दिलं नाही.

मामा: हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ, ताई, हे माहीत नव्हतं.

मालकीणबाई: कसं माहीत असणार? मागे वळून बघितलंत का कधी? वहीत शंभर जागा लिहिल्यात म्हणे. इथे नाही आलात.

मामा: दोनदा आलो. त्या वळणापर्यंत. गाडी वळवून परत गेलो.

मालकीणबाई: वळणापर्यंत काय कोणीही येतं.

मामा: खरं आहे. बोला तुम्ही, मी ऐकून घेतो. ती लाल ओळ वहीत पहिली का आहे, तेही आता कळलं असेल तुम्हाला. लोक वाटेत भेटले की पाया पडतात माझ्या, म्हणतात, मामा, तुमच्यामुळे आम्हाला शिस्त लागली. मला तोंड कुठे लपवू असं होतं. चल पोरी, गाडीत बस. शाळेचं मैदान बघू.

भाची: मी नाही बसत.

मामा: अगं, कुठल्या तोंडाने राहायचं इथे?

भाची: तुझ्या तोंडाचं तू बघ. घोडीचा पाय सुजलाय. मावशी, मला मामाबद्दल काही म्हणायचं नाही. मला आत्ता त्याच्याकडे बघवतही नाहीये. पण त्या मातीला माझेही हात लागलेत. माफी मीही मागते. आणि घोडीला उतरवू द्या, एवढंच.

मालकीणबाई: तू कशाला माफी मागतेस? आठ वर्षांचं पोर ते! …उतरव तिला. जनावराने काय पाप केलंय? हौद मागे आहे, पाणी सकाळीच भरलंय. आणि ते चांगलं असतं इथलं.

भाची: हो. तसं मला वाटलंच होतं.

मामा: ताई, मास्तरांचा पत्ता आहे का तुमच्याकडे?

मालकीणबाई: ह्यांच्या जुन्या रजिस्टरात नंबर आहे. मी तो खोडू दिला नव्हता. मुलीने मागे एकदा लावून पाहिला होता. मास्तरच बोलले, मग ती घाबरून काही न बोलता फोन ठेवून बसली. कशाला हवाय?

मामा: जायला हवं त्यांच्याकडे. उद्या, परवा… घोडीची सूज उतरली की…

भाची: मामा.

मामा: काय?

भाची: पुन्हा वळणापर्यंत जाऊन येणार आहेस का?

मामा: …नाही.

भाची: मग आत्ता फोन कर. दोरी मी ताणते. ट्रेलरच्या टपाचा हुक आणि फाटकाचा लोखंडी खांब, दोन्ही मजबूत आहेत. झाडाला काही लावत नाही मी.

मामा: उंच ताण. भोपळा मान लांब करतो.

भाची: मला माहीत आहे कशी ताणायची. तूच शिकवलंयस.

मालकीणबाई: हे घ्या. तिसऱ्या पानावर, निळ्या शाईत. शेवटचा आकडा सात आहे, एक नाही.

मामा: काय म्हणू त्यांना? सुरुवात कशी करू?

मालकीणबाई: ते मला नका विचारू. लावा.

मामा: …वाजतोय. …हॅलो? मास्तर का? …नाही, आपण बोललो नाही कधी. शेजारी उतरलो होतो, नदीकाठी, बारा वर्षांपूर्वी. माझ्याबरोबर लहान मुलगी होती. …हो, तीच, टाटा करणारी. …मास्तर, जरा बसता का? तुमच्या घोड्याने काही केलं नव्हतं. माझ्या घोडीने केलं होतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. …हो. …हो, मास्तर. …नाही, तुम्ही बोला, मी आहे.

मालकीणबाई: त्यांचं बोलून होऊ दे सगळं. मग फोन मला द्या. मलाही माफी मागायची आहे.